कॅडमियम दिल्यावर मुळं खुंटली, पण ऑक्सिन (वाढीचं संप्रेरक) वाढलेलं दिसतंय. चूक कुठं आहे?

गव्हाचंमूळ (प्रश्न; पुढं प्रत्येक उत्तरावर देणाऱ्याचं टोपणनाव)

प्रयोगाची मांडणी: गव्हाची रोपं, अर्ध्या ताकदीचं होगलँड पोषक द्रावण, सामू ५.८. रोपं सात दिवसांची झाल्यावर ५० मायक्रोमोलर कॅडमियम क्लोराइड. नमुने त्यानंतर २४ तासांनी आणि ७ दिवसांनी, अख्खं मूळ आणि दुसरं पान. संप्रेरकं एलायझा किटवर (प्रतिपिंड वापरून) मोजली आहेत.

दिसलं ते असं. मुळांची लांबी थांबली, टोकं जाड झाली आणि टोकाच्या अगदी जवळ उपमुळांचे कोंब फुटले. मुळातलं आयएए (मुख्य ऑक्सिन) मात्र प्रति ग्रॅम ओल्या वजनाला कंट्रोलपेक्षा, म्हणजे कॅडमियम न दिलेल्या रोपांपेक्षा, जास्त. ॲबसिसिक आम्ल (एबीए, ताणाचं संप्रेरक) २४ तासांनी चांगलंच चढलं, सातव्या दिवशी कंट्रोलच्या खाली गेलं. नवीन पानांवर केवडा, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा.

प्रश्न चार:
१. ऑक्सिन वाढलं तर मुळं खुंटली का?
२. एबीए आधी वर आणि मग खाली, हे खरं मानायचं का?
३. पुढची फेरी शिशाची, लेड नायट्रेट ५०० मायक्रोमोलर. हीच मांडणी चालेल का? इथिलीनचा (वायुरूप संप्रेरक) सहभाग तपासायला ते रोखणारी सिल्व्हर थायोसल्फेट आणि कोबाल्ट क्लोराइड वापरायचा विचार आहे, मात्रा किती ठेवावी?
४. शेवटी पिकातला कॅडमियम कमी करायला कोणतं संप्रेरक फवारावं?

मूलाग्र

पहिल्या प्रश्नात विरोध नाहीच. ऑक्सिन किती आहे आणि कुठं आहे, या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

मुळाला ऑक्सिन फार थोडं लागतं. ज्या मात्रेला खोड जोमानं वाढतं, त्या मात्रेला मुळाची लांबी थांबते. कॅडमियममुळे इथिलीन वाढतं, इथिलीन टोकात ऑक्सिनची निर्मिती वाढवतं, आणि पिन२ व ऑक्स१ हे वाहक ते मागे लांबी वाढणाऱ्या पट्ट्यात ढकलतात. तिथं ते साचलं की पेशी लांबायच्या थांबतात. टोकाच्या विभाज्य ऊतीत मात्र त्याच वेळी ऑक्सिन घटलेलं असू शकतं, कारण पिन प्रथिनांची मांडणी विस्कटते आणि जीएच३ गटातली विकरं आयएएला अमिनो आम्लं जोडून निष्क्रिय करतात. उपमुळांचे कोंब फुटण्यामागंही हेच फेरवाटप असतं. सायटोकायनिन ऑक्सिडेज हे विघटन करणारं विकर वाढून सायटोकायनिन हे संप्रेरक घटलं तर उपमुळांवरचा लगाम आणखी सैल होतो.

पण तुमच्या आकड्यांवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही. अख्खं मूळ वाटल्यावर काय होतं ते कल्पित आकड्यांवर बघा. समजा टोकाच्या ५ मिमीमध्ये ऑक्सिन ४ एकक आहे आणि उरलेल्या मुळात १ एकक. कंट्रोलचं मूळ १५० मिमी, तर सरासरी (५×४ + १४५×१) ÷ १५० = १.१०. कॅडमियमचं मूळ ५० मिमी, आणि टोकातलं ऑक्सिन घटून ३ झालं, तरी सरासरी (५×३ + ४५×१) ÷ ५० = १.२०. टोकात पाव हिस्सा घट, आणि किट सांगतं वाढ! मूळ आखूड झालं की टोकाचा वाटा वाढतो, एवढंच. उपमुळांची टोकं धरली तर फुगवटा आणखी मोठा.

म्हणून मूळ तीन तुकड्यांत घ्या: टोकाचे पहिले ५ मिमी, पुढचे ५ ते २० मिमी, आणि बाकीचं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या मुळाचं ५ मिमी टोक साधारण १ मिलिग्रॅम भरतं, त्यामुळे ५० मिलिग्रॅमच्या नमुन्याला पन्नासेक टोकं लागतील. गव्हाच्या एका रोपाला चार-पाच बीजमुळं असतात, तेव्हा एका नमुन्याला बारा-पंधरा रोपं धरा. आकडे ओल्या वजनाबरोबर कोरड्या वजनाला आणि प्रति टोकही द्या. कॅडमियमखाली पेशीतलं पाणी घटतं, मग ओल्या वजनावर सगळीच संप्रेरकं वाढल्यासारखी दिसतात.

एलायझाबद्दल थोडं कडक बोलतो. ताण दिलेल्या मुळात फिनॉलिक द्रव्यं वाढतात आणि कच्च्या अर्कात ती प्रतिपिंडाच्या जोडणीत ढवळाढवळ करतात. म्हणजे ढवळाढवळ कंट्रोलमध्ये कमी आणि उपचारात जास्त, सगळ्यात वाईट प्रकारची चूक. एलसी-एमएस/एमएस (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजण्याची पद्धत) मिळत असेल तर तीच वापरा:

- ५० मिग्रॅ गोठलेली पूड, ५०० मायक्रोलिटर द्रावक: आयसोप्रोपेनॉल, पाणी, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल २ : १ : ०.००२.
- ड्युटेरियमयुक्त अंतर्गत मानकं, म्हणजे डी५-आयएए, डी६-एबीए वगैरे, याच पायरीला घाला. शेवटी घातली तर अर्कात हरवलेलं भरून निघत नाही.
- ४ अंशाला ३० मिनिटं हलवा, १ मिली डायक्लोरोमिथेन घाला, पुन्हा ३० मिनिटं. १३,००० जी ला ५ मिनिटं फिरवा.
- दोन थर आणि मध्ये पेंड दिसेल. खालचा थर उचला, पेंडीला सुई लावू नका. नायट्रोजनच्या झोतात, उष्णता न देता वाळवा, १०० मायक्रोलिटर मिथेनॉलमध्ये घ्या.
- आयन जोड्या: आयएए १७६→१३० धन भारात; एबीए २६३→१५३, सॅलिसिलिक १३७→९३, जास्मोनिक २०९→५९ ऋण भारात.

एबीएचं वर-खाली मात्र खरं असू शकतं. एनसीईडी हे एबीए बनवणारं विकर चढलं की पहिल्या दिवशी एबीए वाढतं. नंतर सीवायपी७०७ए त्याचं विघटन करतं आणि काही भाग ग्लुकोजला जोडला जाऊन साठतो. फेजिक आम्ल (एबीएच्या विघटनातून बनणारं) आणि एबीएचं ग्लुकोज एस्टरही मोजा. एबीए खाली आणि ही दोन्ही वर, तर रोप स्वतः एबीए उतरवतंय. तिन्ही खाली असतील तर मूळ मेलेलं असण्याची शंका घ्या. ०.२५ टक्के इव्हान्स ब्लूमध्ये (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) १५ मिनिटं बुडवून नीट धुवा. टोक गडद निळं राहिलं तर त्या ऊतीतल्या संप्रेरकावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

आणि मला वाटतं, ५० मायक्रोमोलरला सातव्या दिवशी ते निळंच राहील.

क्षारपारखी

वरच्याला जोडून, द्रावणाविषयी.

५० मायक्रोमोलर म्हणजे लिटरला ५.६ मिग्रॅ कॅडमियम. जमिनीतल्या पाण्यात ०.३ ते १ मायक्रोमोलर असला तरी ती जमीन मध्यम प्रदूषित धरतात. ५० ला जे दिसतं तो विषबाधेचा धक्का असतो, पिकाचा प्रतिसाद नव्हे. ०, ०.५, २ आणि १० अशा पायऱ्या ठेवा. ०.५ च्या टाकीत लिटरला जेमतेम ५६ मायक्रोग्रॅम कॅडमियम असतो आणि मुळं तो भराभर उपसतात, त्यामुळे द्रावण दर दोन दिवसांनी बदला. नाहीतर चौथ्या दिवशी तुमचा ०.५ चा उपचार कंट्रोलच झालेला असेल.

बाटलीवरचं लेबल वाचा. कॅडमियम क्लोराइड अडीच पाण्याच्या रेणूंसह २२८.३५ रेणुभाराचं मिळतं, निर्जल १८३.३ चं. पहिल्याचा हिशोब करून दुसरं तोललं की मात्रा २५ टक्क्यांनी चढते. १० मिलिमोलर साठा द्रावणाला पहिल्याचे २.२८ ग्रॅम प्रति लिटर. त्यातलं १ मिली एका लिटरला टाकलं की १० मायक्रोमोलर. हातमोजे घाला, वापरलेलं द्रावण वेगळ्या डब्यात साठवा, मोरीत ओतू नका.

आता केवडा. ही तुमच्या प्रयोगातली सगळ्यात बोलकी खूण आहे आणि तुम्ही ती जाता जाता सांगितलीत. कॅडमियम लोह, जस्त आणि मँगनीजच्या वाटांनीच आत शिरतो. भातात त्याची मुख्य वाट एनरॅम्प५ हा वाहक, जी मुळात मँगनीजची. टोमॅटोसारख्या द्विदल पिकात लोहाचा वाहक आयआरटी१. गहू गवतवर्गी असल्यानं लोह प्रामुख्यानं फायटोसिडेरोफोर (लोह धरणारी द्रव्यं) सोडून गोळा करतो. ही द्रव्यं एस-ॲडिनोसिल मिथिओनिनपासून बनतात, आणि इथिलीनही त्याच्यापासूनच बनतं. त्यात कॅडमियम पकडणारे फायटोकेलॅटिन ग्लुटाथायोन या गंधकयुक्त रेणूपासून तयार होतात, म्हणजे गंधकाची मागणी एकदम वाढते. एकाच तिजोरीवर तिघांचा हात.

मुद्दा असा की लोहाची उपासमार एकटीच इथिलीन आणि ऑक्सिन हलवते. कॅडमियम न देता फक्त लोह कमी केलेला एक उपचार ठेवा, आणि पानातलं व मुळातलं लोह, जस्त, मँगनीज मोजा. संप्रेरकांचं चित्र दोन्हीकडे सारखं आलं, तर तुम्ही लोहाच्या कमतरतेचा अभ्यास करताय.

द्रावणातल्या ईडीटीएकडेही (धातूचे आयन धरणारं द्रव्य) लक्ष द्या. लोह-ईडीटीएमधला काही ईडीटीए कॅडमियमला धरतो, तांब्याला तर जास्तच. सगळ्या टाक्यांत लोह-ईडीटीए सारखं ठेवा, वरून जादा डायसोडियम ईडीटीए नको. मोकळे आयन किती ते जिओकेम-ईझेड किंवा व्हिज्युअल मिन्टेक या संगणकप्रणालीवर काढून लिहा. क्लोराइडही कॅडमियमला थोडं बांधून ठेवतं, म्हणून कंट्रोलला तेवढंच कॅल्शियम किंवा पोटॅशियम क्लोराइड द्या.

शिशाला ही मांडणी अजिबात चालणार नाही. अर्ध्या होगलँडमध्ये ०.५ मिलिमोलर फॉस्फेट आहे, वर सल्फेटही. ५०० मायक्रोमोलर लेड नायट्रेट टाकताच द्रावण दुधाळ होईल आणि तळाशी पांढरा साका बसेल. तुम्ही लिहाल ५०० आणि मुळाला मिळेल त्याचा किरकोळ अंश. रोपं पूर्ण द्रावणात वाढवा, मग उपचाराचे २४ ते ४८ तास फक्त ०.५ मिलिमोलर कॅल्शियम नायट्रेट, सामू ५.० च्या आसपास, आणि त्यात शिसं ५ ते ५० मायक्रोमोलर. कंट्रोललाही तेवढेच तास फॉस्फेटशिवाय ठेवा, कारण फॉस्फेटचा तुटवडा झाला की स्ट्रिगोलॅक्टोन हे संप्रेरक वाढतं आणि उपमुळांची रचना बदलते. शिसं बहुतांशी मुळाच्या पेशीभित्तिकेतच अडकतं, त्यामुळे पानात बदल दिसले तर ते मुळाकडून आलेल्या संकेताचे असण्याची शक्यता धरून चला.

बंदकुपी

सिल्व्हर आणि कोबाल्ट: मात्रा शून्य. जड धातूच्या प्रयोगात अवरोधक म्हणून आणखी दोन जड धातू कशाला?

इथिलीनच्या ग्राहकात तांब्याचा आयन बसलेला असतो, चांदी त्याची जागा घेते आणि ग्राहक बहिरा होतो. इथवर ठीक. पण चांदी इथिलीनशी संबंध नसलेल्या मार्गानं पेशीबाहेर जाणारा ऑक्सिनचा प्रवाहही वाढवते, म्हणजे तुमचा पहिला प्रश्न आणखी गढूळ. कोबाल्ट एसीसी ऑक्सिडेज (एसीसीपासून इथिलीन बनवणारं विकर) रोखतो, पण लोहाच्या वाटेत लुडबुडही करतो.

एव्हीजी (इथिलीनची निर्मिती रोखणारं द्रव्य) ०.५ ते २ मायक्रोमोलर चालतं, तेही निर्दोष नाही. ते पायरिडॉक्सल फॉस्फेटवर चालणारी विकरं रोखतं, त्यात ट्रिप्टोफॅनपासून ऑक्सिन बनवणारं विकरही येतं. म्हणून एव्हीजीसोबत १ मायक्रोमोलर एसीसी दिलेला उपचार हवाच. एसीसीनं परिणाम उलटला तर तो इथिलीनचा, नाही उलटला तर दुसरं काहीतरी. सगळ्यात स्वच्छ उपाय इथिलीनचे ग्राहक बंद करणारा १-एमसीपी वायू, बंद पेटीत १ मायक्रोलिटर प्रति लिटर, आणि नवे ग्राहक तयार होत राहतात म्हणून रोज पुन्हा. टोमॅटोवर काम असतं तर ‘नेव्हर राइप’ हा इथिलीनला दाद न देणारा उत्परिवर्तित वाण घ्या म्हटलं असतं, औषधांची भानगडच नाही.

इथिलीन मोजताना मुळं कापली की जखमेचं इथिलीन साधारण अर्ध्या तासात सुरू होतं. तेव्हा अख्खं रोप कुपीत घ्या, किंवा कापून ताबडतोब बंद करून पहिल्या वीस मिनिटांतच वाचन घ्या. कुपी तासन्‌तास बंद ठेवू नका: एसीसी ऑक्सिडेजला प्राणवायू लागतो, तो संपला की आकडा आपोआप घसरतो. रिकामी कुपी तेवढाच वेळ बंद ठेवून तिचंही वाचन घ्या. काही रबरी बुचं स्वतःच इथिलीन सोडतात.

क्षारपारखी

एव्हीजीच्या मुद्द्याला पूर्ण सहमती. पुढं कधी तांबं घ्याल तर आणखी एक सापळा. सूचक जनुक घातलेली रोपं जीयूएस रंगानं (जनुक चालू असेल तिथं निळा) पाहताना रंगद्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइड असतं. मुळावर चिकटलेलं तांबं त्याच्याशी मिळून तांबूस तपकिरी साका देतं, आणि निळा रंग त्याखाली मळकट होतो. रंगवण्याआधी मुळं ईडीटीएमध्ये धुवा आणि जनुक नसलेलं साधं रोपही तसंच रंगवून बाजूला ठेवा.

डीआर५ हे सूचक जनुक ऑक्सिनचा प्रतिसाद दाखवतं, ऑक्सिनची मात्रा नव्हे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि निष्कर्ष लिहिताना सगळे विसरतात.

शेतपातळी

चौथा प्रश्न राहिलाय. त्यातलं गृहीतकच मला पटत नाही. फवारणीनं रोप टवटवीत होणं आणि दाण्यातला कॅडमियम कमी होणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

संप्रेरकानं वाढ सुधारली की तेवढाच कॅडमियम जास्त वजनात पसरतो. मिग्रॅ प्रति किलो आकडा उतरतो, पण प्रति रोप एकूण कॅडमियम तेवढाच किंवा जास्त. दोन्ही आकडे दिल्याशिवाय ‘शोषण कमी झालं’ असं लिहू नका. अंतिम कसोटी दाणा: कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) कमाल मर्यादा गव्हाला ०.२ आणि पॉलिश केलेल्या तांदळाला ०.४ मिग्रॅ प्रति किलो आहे.

पर्याय एकेक करून:

एबीए दिलं की पर्णरंध्रं मिटतात, बाष्पोत्सर्जन घटतं आणि पाण्याबरोबर वर चढणारा कॅडमियम कमी होतो. पण पर्णरंध्रं मिटली की प्रकाशसंश्लेषणही बसतं. कार्यपद्धती समजून घ्यायला उत्तम, पीक घ्यायला नाही.

सॅलिसिलिक आम्ल बियाणं भिजवायला ०.५ मिलिमोलर, म्हणजे लिटरला ६९ मिग्रॅ. आधी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवा, मग पाणी, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं सामू ६ च्या जवळ. सामू न दुरुस्त करता भिजवलं तर दिसेल तो परिणाम आम्लाचाही असू शकतो. कंट्रोलचं बियाणं तेवढ्याच इथेनॉलच्या पाण्यात, तेवढेच तास. हे पोषक द्रावणात मिसळायचं असेल तर तिथं फेरिक क्लोराइडसारखा मोकळा फेरिक क्षार नको. द्रावण जांभळं झालं की समजा, तुमचं सॅलिसिलिक आणि लोह एकमेकांत गुंतलंय आणि रोपाला दोन्ही कमी मिळतंय.

२४-एपिब्रासिनोलाइड (ब्रासिनोस्टेरॉइड गटातलं संप्रेरक) ०.०१ ते १ मायक्रोमोलर. १ मायक्रोमोलर म्हणजे लिटरला जेमतेम ०.४८ मिग्रॅ, तेव्हा थेट तोलण्याच्या भानगडीत न पडता साठा द्रावणातून विरळ करत या. जास्त झालं तर मुळांची लांबी उलट घटते.

प्रत्यक्ष शेतात काही करायचं असेल तर एसीसी डीॲमिनेज असलेले मुळांभोवतीचे जिवाणू. ते मुळातून झिरपणारं एसीसी तोडून अमोनिया आणि अल्फा-कीटोब्युटिरेट करतात, म्हणून ताणाचं इथिलीन कमी बनतं. पण हेच जिवाणू ऑक्सिन आणि सिडेरोफोरही सोडतात, ज्यानं धातू जास्त विरघळूही शकतो. एसीडीएस (एसीसी डीॲमिनेज बनवणारं) जनुक बंद केलेला तोच जिवाणू कंट्रोलला नसेल तर श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

आणि या सगळ्याआधी जमीन बघा. आम्लधर्मी जमिनीत चुन्यानं सामू ६.५ च्या पुढं नेला, जस्ताची कमतरता भरून काढली, तर कॅडमियम मुळाशीच अडतो. भातात फुलोऱ्याच्या सुमारास पाणी साठवून ठेवलं की कॅडमियम सल्फाइड होऊन बसतो, मात्र तेव्हाच आर्सेनिक मोकळं होऊन सिलिकाच्या वाटेनं आत शिरतं. दोन्ही असलेल्या शेतात हा सौदा जपून करावा लागतो.

गव्हाचंमूळ

नवी मांडणी: ०, ०.५, २, १० मायक्रोमोलर, लोह कमी केलेला वेगळा उपचार, नमुने १, ६, २४, ७२ तासांनी. शिसं वेगळ्या फेरीत. एक अडचण राहते. पन्नास टोकं कापेपर्यंत बराच वेळ जाणार, तोवर जखमेचं जास्मोनिक आम्ल चढणार नाही का? आणि धातू मोजायला मुळं ईडीटीएमध्ये १५ मिनिटं धुवायला सांगितलेली असतात, त्या वेळात संप्रेरकांचं काय?

मूलाग्र

चढणारच, जखम झाल्यावर काही मिनिटांत चढतं. म्हणून जिवंत मूळ कापूच नका.

रोपं जाळीवर वाढवा, म्हणजे मुळं सरळ खाली लोंबतात आणि टोकं साधारण एका पातळीत राहतात. जाळी उचला, मुळं टिपकागदाला एकदा टेकवा, आणि पाच-दहा सेकंदांत सरळ द्रव नायट्रोजनमध्ये. मग नायट्रोजननं गार केलेल्या धातूच्या पत्र्यावर ती मोजपट्टीच्या खुणेला लावून गार पात्यानं टोकं तोडा. गोठलेलं मूळ काडीसारखं कटकन तुटतं. पत्र्यावर दव दिसायला लागलं की थांबा आणि पुन्हा नायट्रोजन ओता. वितळलेल्या टोकात विकरं लगेच कामाला लागतात. टोकं तोलायची कुपीही आधीच गार हवी.

धातूसाठी वेगळी रोपं ठेवा. त्यांची मुळं १० मिलिमोलर डायसोडियम ईडीटीएमध्ये १५ मिनिटं, मग तीनदा शुद्ध पाणी. संप्रेरकांच्या रोपांना हे धुणं नको.

चारही वेळांना कंट्रोल वेगळं घ्या आणि प्रत्येक गटाच्या उपचाराची सुरुवात वेगवेगळ्या वेळी अशी आखा की चारही नमुने दिवसाच्या एकाच तासाला पडतील. एबीए आणि जास्मोनिक दोन्ही दिवसभरात आपोआप वर-खाली होतात. सहा तासांचा नमुना दुपारी आणि चोवीस तासांचा सकाळी घेतला, तर त्यातला फरक कॅडमियमचा की घड्याळाचा हे नंतर कुठल्याच आकडेमोडीनं वेगळं करता येत नाही.